पंधरा मिनिटांची वही

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, न कळवता,
मी लॉरेल फोर्कच्या बालगृहात जाते.
केंटकीच्या या डोंगरांत रस्ता ओढ्याच्या मर्जीने वळतो.
सरकारी गाडी कुत्रं आधी ओळखतं,
मग ऑफिसचा पडदा हलतो.

नळाचं पाणी : एकशे आठ अंश. चालेल.
खाटांमधलं अंतर : तीन फुटांवर एक इंच.
औषधांचं कपाट बंद, किल्ली अधीक्षकांच्या गळ्यात.
प्रत्येक मुलाला स्वतःचा एक खण असावा, असं कलम सांगतं.
आहेत. अकरा खण.
खणात काय असावं, ते कलम सांगत नाही.
एकात केचपच्या चपट्या पुड्या, नीट रचून ठेवलेल्या,
मुदत संपून वर्ष झालेल्या.
नियमाने मी त्या फेकायला हव्यात.
खण हळूच आत ढकलते.

मग वही.
रात्री दहा ते सहा, दर पंधरा मिनिटांनी
प्रत्येक दाराशी जायचं, श्वास चालू आहे ना बघायचं, लिहायचं.
आत्ता दुपारचे सव्वातीन वाजलेत
आणि आजची रात्र लिहून झाली आहे.
एकाच पेनाने, एका दमात :
झोपला. झोपला. झोपली. झोपला.
ब्रेंटली नोबल गुरुवारीच मावशीकडे गेला कायमचा,
तोही आज बत्तीस वेळा झोपला आहे.

डेल्फिया स्लोन समोर उभी आहे, एप्रनला हात पुसत.
दिवसा वृद्धाश्रमाच्या धुलाईत, रात्री इथे.
माझ्या आईच्या शेवटच्या चादरी हिनेच धुतल्या.
ते आज आम्ही दोघी काढत नाही.

"लिहीत बसले तर केसीपाशी कोण बसेल?
दोन वाजता उठते ती. ओरडत नाही, नुसती उठून बसते.
मी दारात खुर्ची टाकते.
वही तिकडे टेबलावर, दिव्याखाली.
दुपारी जरा हात रिकामा असतो,
म्हणून लिहून टाकते."

मी नियमावर बोट ठेवते. खरंच ठेवते,
पान एक्केचाळीस, ओळ सहावी.
तिला वाटत असेल, ही बाई कागद खाते.
तीन वर्षांपूर्वी पलीकडच्या खोऱ्यात
अशाच एका वहीचं वळणदार अक्षर मी वाखाणलं होतं.
पहाटे चारला एक मुलगा त्यात झोपला होता.
पहाटे चारला तो हमरस्त्यावर होता, अनवाणी.
पुढचं मी राजधानीत शपथेवर सांगितलंय,
पुन्हा सांगणार नाही.

उल्लंघन लिहिते. दुरुस्तीला मुदत दहा दिवस.
शिफारस : रात्रीसाठी आणखी एक माणूस.
पगार कुणी द्यायचा, याला माझ्या फॉर्मवर रकाना नाही.
परवाना काढून घेतला तर अकरा खण
चार जिल्ह्यांत वाटले जातील,
आणि केसीच्या नव्या दारात खुर्ची असेल की नाही,
तेही कुठल्या कलमात नाही.
अधीक्षक म्हणतात, "कॉफी?"
मी म्हणते, "रात्री घेईन."

तपासणी कोणत्याही वेळी करता येते.
कलम तीन.

रात्री जेवणघरातली एक खुर्ची ओढत
मी डेल्फियाच्या शेजारी नेऊन ठेवते.
वही मांडीवर. पेन माझं, लाल.
दोन वाजता अंधारात खाट करकरते.
'झोपली'वर एक सरळ रेघ मारते,
बाजूला सही, वेळ :

दोन. जागी.
सव्वादोन. जागी. पाणी मागितलं.
अडीच. जागी. डेल्फियाचा हात उशीवर.
पावणेतीन.

थांबा,
आधी बघून येते.